निजामाच्या विमानाचा माग

लंडनच्या उत्तरेला हेन्डन येथे रॉयल एअर फोर्सचे वस्तुसंग्रहालय आहे. तेथे पहिल्या महायुद्धातील एक बॉम्बफेकी बायप्लेन जपून ठेवण्यात आले आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड आणि पुढच्या भागात ४०० अश्वशक्तीचे अमेरिकी ‘लिबर्टी’ इंजिन. विमानाचा प्रकार डी.एच. ९-ए, क्रमांक एफ १०१०. त्याच्या अंगावर रंगवलेली एक ओळ मात्र मराठी वाचकाला थबकायला लावणारी आहे. हे विमान हैदराबादच्या निजामाने भेट दिले असून ते ‘हैदराबाद क्रमांक १२-अ’ आहे, असे ती ओळ सांगते.

नांदेड जिल्ह्यातील लोहा आणि लंडनजवळचे हेन्डन यांचा काही संबंध असू शकतो, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु १९१८ साली हे विमान तयार झाले तेव्हा लोहा निजामाच्या राज्यात होते. नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्याच राज्याचे भाग होते. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जमिनीच्या साऱ्यातून येई. कापूस आणि ज्वारी पिकवणारा मराठवाड्याचा शेतकरी तो सारा हाली रुपयात भरत असे. महसूल दिवाणीचा असो की निजामाच्या खासगी ‘सर्फ-ए-खास’चा, त्याचा उगम अखेर जमिनीतच होता. १९१८ हे वर्ष दख्खनच्या पठारावर अवर्षणाचे आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीचे होते. अशा काळात या प्रजेच्या राजाने युरोपातील युद्धासाठी विमानांचा एक संपूर्ण ताफा भेट दिला. त्या ताफ्याचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याचा अधिकार म्हणूनच मराठवाड्यालाही पोहोचतो.

बर्लिन, पोलंड आणि परत

ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची स्क्वॉड्रन १ नोव्हेंबर १९१७ रोजी स्थापन झाली. सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्सला गेली, तेव्हा तिच्याजवळची डी.एच. ९-ए विमाने ही निजामाची देणगी होती. त्यामुळे ‘हैदराबाद स्क्वॉड्रन’ हे नाव तिला कायमचे चिकटले. जर्मन हद्दीत खोलवर जाऊन कारखाने आणि रेल्वेमार्ग उद्ध्वस्त करणे हे तिचे काम होते. त्याची किंमतही मोठी मोजावी लागली. २१ ऑक्टोबर १९१८ रोजी एकाच मोहिमेत तिची सात विमाने परतली नाहीत.

एफ १०१० त्याआधीच, ५ ऑक्टोबर १९१८ रोजी शत्रूच्या हाती पडले होते. कैझर्सलाउटर्नच्या दिशेने गेलेले हे विमान जर्मन प्रदेशात उतरले आणि त्यातील दोघेही युद्धकैदी झाले. जर्मनांनी ते मोडीत न काढता विजयचिन्ह म्हणून ठेवले. पुढे १९३६ साली बर्लिनमध्ये उघडलेल्या विमानसंग्रहालयात ते मांडण्यात आले. नोव्हेंबर १९४३ मध्ये ब्रिटिश बॉम्बफेकीत ते संग्रहालय बेचिराख झाले. त्यातून वाचलेली काही विमाने पूर्वेकडे, आजच्या पोलंडमधील चार्नकुफच्या परिसरात हलवण्यात आली. युद्ध संपल्यावर ती पोलिश अधिकाऱ्यांच्या हाती लागली आणि अनेक वर्षे गोदामांत पडून राहिली. पुढे ती क्राकुफच्या विमानसंग्रहालयात जमा झाली.

ब्रिटिशांना हे विमान परत मिळाले ते १९७७ साली, एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात. हरवलेले भाग नव्याने घडवून १९८३ मध्ये ते हेन्डनला प्रदर्शनात मांडण्यात आले. मराठवाड्याच्या साऱ्यातून उभे राहिलेले विमान फ्रान्स, जर्मनी आणि पोलंड असा प्रवास करून पासष्ट वर्षांनी लोकांसमोर आले. निजामाच्या त्या देणगीतील इतर विमाने युद्धात नष्ट झाली किंवा नंतर मोडीत निघाली.

पत्रा आणि दफ्तर

एखादा सांगाडा अमुकच विमानाचा आहे, हे ठरवतात कसे? या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींत सापडते. एक म्हणजे विमानाच्या अंगावरील क्रमांक आणि दुसरी म्हणजे सरकारी दफ्तर.

प्रत्येक लष्करी विमानाला कारखान्यातून बाहेर पडतानाच एक अनुक्रमांक दिला जातो. तो बाहेरून रंगवलेला असतो. आत निर्मात्याची धातूची पट्टी ठोकलेली असते. रंग उडतो, कापड कुजते, पण पट्टी टिकते. पट्टी नसली तरी लहानसहान भागांवर ठोकलेले आराखड्याचे क्रमांक बोलतात. उदाहरणार्थ, स्पिटफायरच्या मूळ आराखड्याचा क्रमांक ३०० होता. त्यामुळे मातीतून निघालेल्या एखाद्या वाकड्या पत्र्यावर ३०० ने सुरू होणारा क्रमांक दिसला, की तो तुकडा कोणत्या जातीच्या विमानाचा असावा, याचा अंदाज जाणकाराला येतो. इंजिनाचा क्रमांकही उपयोगी पडतो, पण तो जपून वापरावा लागतो. एका विमानाच्या आयुष्यात इंजिन अनेकदा बदलले जाते.

यानंतर येते दफ्तर. प्रत्येक ब्रिटिश स्क्वॉड्रन आपली दैनंदिन नोंदवही ठेवत असे. कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमांकाचे विमान, कोणत्या वैमानिकाने, किती वाजता उडवले आणि ते परतले की नाही, हे सारे त्यात लिहिलेले असे. या वह्या आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. पत्र्यावरचा क्रमांक आणि वहीतील नोंद जुळली की भंगाराच्या ढिगाऱ्याला नाव, तारीख आणि माणसे मिळतात. त्यात स्थानिक माणसांच्या आठवणींची भर पडली तर जागाही मिळते. यांपैकी एकच दुवा हाती असेल तर निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, हा या क्षेत्रातला पहिला धडा आहे.

तीन ‘हैदराबादी’ तुकड्या

दुसऱ्या महायुद्धात निजामाचे नाव एक सोडून तीन स्क्वॉड्रनना जोडले गेले होते. ११० क्रमांकाची जुनी तुकडी आता ब्लेनहाइम विमाने उडवत होती. युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मन युद्धनौकांवर झालेल्या पहिल्या हल्ल्यात तिची विमाने होती. पुढे १९४२ मध्ये ही तुकडी भारतात आली. १५२ क्रमांकाची स्पिटफायर तुकडी १९४० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लढली आणि नंतर ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. तिच्या चिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते आणि ब्रीदवाक्य होते ‘विश्वासू मित्र’. इंग्रजांनी निजामाला दिलेल्या किताबाचाच तो भाग होता. तिसरी तुकडी २५३ क्रमांकाची. तिच्याकडे हरिकेन विमाने होती.

या तिसऱ्या तुकडीतील एका विमानाची कथा शोधाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. ३० ऑगस्ट १९४० रोजी समोलिन्स्की नावाच्या पोलिश वैमानिकाने पी ३७१७ या हरिकेनमधून एक जर्मन मेसरश्मिट पाडले. विमान पुढे दुरुस्त करून, नवा क्रमांक देऊन सोव्हिएत संघाला पाठवण्यात आले आणि तेथेच ते संपले. १९९० च्या दशकाच्या आरंभी, सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, त्याचे अवशेष इंग्लंडमध्ये परत आले. जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि रशियाला गेलेल्या विमानांच्या याद्या यांची सांगड घातल्यावर या अवशेषांची ओळख पटली. दीर्घ पुनर्बांधणीनंतर २०१७ मध्ये पी ३७१७ पुन्हा आकाशात झेपावले, तेही ‘हैदराबाद’ तुकडीच्याच खुणा अंगावर घेऊन.

पुण्याची लिबरेटर विमाने

युद्ध संपल्यावर भारतातील शेकडो विमाने एकाएकी निरुपयोगी ठरली. त्यांतील अनेक अमेरिकी बनावटीची होती आणि उधार-उसनवारीच्या करारावर ब्रिटिशांना मिळाली होती. करार असा, की युद्ध संपल्यावर ती परत करावीत किंवा नष्ट करावीत. कानपूरच्या धावपट्टीवर उभी असलेली चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने त्यामुळेच मुद्दाम निकामी करण्यात आली. पत्रा फोडला, उपकरणे ठेचली, इंजिनांत वाळू ओतली आणि ब्रिटिश निघून गेले.

स्वतंत्र भारताला तेव्हा जड बॉम्बफेकी विमानांची निकड होती आणि परकीय चलनाची चणचण होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या तंत्रज्ञांनी या ढिगाऱ्यांतून धडधाकट भाग वेचले आणि एकेक विमान बंगळूरपर्यंत उडण्याइतके जुळवले. जमशेद मुन्शी या कारखान्याच्या वैमानिकाने ती जोखमीची उड्डाणे केली. अशी सुमारे ४२ विमाने पुन्हा उभी राहिली. परदेशी तज्ज्ञांनी हे काम अशक्य ठरवले होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाचवी स्क्वॉड्रन याच विमानांवर उभी राहिली. जानेवारी १९५१ मध्ये पुण्याला सहावी स्क्वॉड्रन लिबरेटर विमानांसह पुन्हा स्थापन झाली आणि सागरी टेहळणीचे काम करू लागली. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली, तेव्हा लिबरेटर लढाऊ सेवेत ठेवणारा भारत हा जगातील शेवटचा देश होता.

अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बनली. बहुतेक सारी युद्धानंतर वितळवली गेली. आज जगात संपूर्ण स्थितीत उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी किमान पाच भारतीय हवाई दलाकडून गेलेली किंवा भारतात राहिलेली आहेत. कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटन येथील संग्रहालयांना ती भारतातून मिळाली. दिल्लीला पालम येथेही एक आहे. रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयातील लिबरेटर १९७४ मध्ये भारतातून उडतच इंग्लंडला पोहोचले. ज्यांनी ती मोडली होती, त्यांनाच ती भारताकडून मागून घ्यावी लागली.

त्याच संग्रहालयातील टेम्पेस्ट जातीचे लढाऊ विमानही भारतातूनच गेलेले आहे. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या पोलीस कारवाईत पुण्याहून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांनी बिदरसह निजामाच्या धावपट्ट्यांवर बॉम्बफेक केली होती. ब्रिटिशांना विमानांचे ताफे भेट देणाऱ्या निजामाजवळ तेव्हा स्वतःचे लढाऊ हवाई दल नव्हते. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून रात्री शस्त्रे आणून उतरवत असे, आणि बिदर हे त्या शस्त्रांचे एक ठाणे होते. लोह्याच्या शेजारचा अहमदपूर तालुका आणि त्याच्या दक्षिणेचा उदगीर तालुका तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते. मराठवाड्याच्या आकाशात युद्धाची विमाने आली ती अशी, महायुद्ध संपल्यानंतर तीन वर्षांनी.

दंतकथेची किंमत

विमानांच्या अवशेषांभोवती दंतकथा फार लवकर जमतात. ब्रह्मदेशातील ‘पुरलेल्या स्पिटफायर’ची कथा याचे ठळक उदाहरण आहे. १९४५ मध्ये ब्रिटिशांनी खोक्यांत बंद केलेली कोरी स्पिटफायर विमाने रंगूनच्या मिंगलाडोन धावपट्टीजवळ पुरून ठेवली, असे काही वृद्ध सैनिक सांगत. डेव्हिड कंडल या इंग्रज शेतकऱ्याने त्या शोधात अनेक वर्षे घालवली. २०१२ मध्ये म्यानमार सरकारशी करार झाला आणि जानेवारी २०१३ मध्ये प्रत्यक्ष खोदकामाला आरंभ झाला. जमिनीतून केबली आणि लोखंडी पत्रे निघाले. विमान एकही नाही. मोहिमेतील पुरातत्त्वज्ञांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा अशी विमाने तेथे पुरल्याचा पुरावाच नसल्याचे आढळले.

सैनिक खोटे बोलत होते, असे कोणी म्हणणार नाही. धावपट्टीवर मोठी खोकी येत होती, खड्डे खोदले जात होते, विमानेही उतरत होती. पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने या तिन्ही आठवणी एकमेकींत मिसळल्या. आठवण शोधाची दिशा दाखवते, निर्णय मात्र कागद आणि पत्रा यांनीच द्यायचा असतो.

सांगाड्यातील माणसे

विमानाचे अवशेष शोधणे हा केवळ छंद असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. अनेक सांगाड्यांत माणसे असतात आणि त्यांची वाट पाहणारे घरी असतात.

१९४२ ते १९४५ या काळात आसाममधून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या ‘हम्प’ मार्गावर सुमारे सहाशे दोस्त विमाने नष्ट झाली आणि दीड हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसामकडे निघालेले ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे अमेरिकी लिबरेटर आठ जणांसह नाहीसे झाले. क्लेटन कूल्स या अमेरिकी गिर्यारोहकाला त्याचे अवशेष २००६ साली अरुणाचल प्रदेशातील दमरोह गावाजवळ सापडले. कूल्स यांची पद्धत साधी आहे. ते डोंगरातील शिकाऱ्यांकडे चौकशी करतात, त्यांच्या मागून चालत जातात आणि सापडलेल्या पत्र्यावरचा क्रमांक लष्करी याद्यांशी ताडून पाहतात. अमेरिकी सरकारच्या पथकाने २०१५ मध्ये तेथे उत्खनन केले. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत अवशेष स्वीकारण्यात आले. त्यांतून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातील कॉनकॉर्ड या त्यांच्या गावी त्यांचे दफन झाले. विमान पडल्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी.

हा शोध जिवावरचाही आहे. जानेवारी १९४५ मध्ये तेरा जणांसह हरवलेल्या सी-४६ विमानाचा शोध कूल्स यांना २०२१ मध्ये लागला. त्याआधीच्या प्रयत्नात हिमवादळात सापडून तीन स्थानिक वाटाडे गारठून मरण पावले होते. अवशेषांच्या कथा सांगताना या तिघांचा उल्लेख राहून जाऊ नये.

ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने पडलेल्या प्रत्येक लष्करी विमानाच्या जागेला आपोआप संरक्षण मिळते आणि संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय तेथे खोदता येत नाही. आपल्याकडे अशा अवशेषांसाठी वेगळा कायदा नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील विमान अजून ‘पुरावस्तू’ ठरत नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पण वाकड्या पत्र्याला मौल्यवान कोण समजणार? तो भंगारवाल्याच्या काट्यावर जातो आणि क्रमांकाची पट्टी भट्टीत वितळते. तिच्याबरोबर एखाद्या घराची प्रतीक्षा संपवण्याची शक्यताही नाहीशी होते.

म्हणून कोठेही, नांगरताना वा विहीर खणताना, असा पत्रा निघाला तर काही साधे नियम पाळावेत. जुन्या दारूगोळ्याचा धोका असल्याने वस्तू हलवू नये आणि पोलिसांना कळवावे. दुरूनच छायाचित्र घ्यावे, दिसणारे क्रमांक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. जागा नेमकी नोंदवावी, कारण काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यातील वस्तू जागा सोडतात. हाडे दिसली तर काम तेथेच थांबवावे.

आपल्या वाट्याचे दफ्तर

मराठवाड्यापुरता विचार केला तर खरा शोध जमिनीपेक्षा दफ्तरांत घेण्याजोगा आहे. निजाम राज्याचे बरेचसे दफ्तर हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य अभिलेखागारात आहे. त्यातील बरेच उर्दू आणि फारसी भाषांत आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण त्याच्या भूतकाळाचे कागद बव्हंशी मागेच राहिले. उर्दू मोडी-बाळबोधाइतक्याच सहजतेने वाचणारी पिढी आता विरळ झाली आहे. युद्धासाठी कोणत्या तालुक्यातून काय गोळा झाले आणि दुष्काळाच्या वर्षी साऱ्यात सूट मिळाली की नाही, अशा प्रश्नांचा शोध तेथूनच सुरू करावा लागेल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या किंवा परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम हाती घेण्यासारखे आहे. त्यासाठी उर्दू जाणणारे दोन-चार विद्यार्थी आणि काही वर्षांची चिकाटी लागेल.

एफ १०१० चा सगळा प्रवास आज तारीखवार सांगता येतो, कारण ब्रिटिश, जर्मन आणि पोलिश हातांनी त्याची नोंद ठेवली. त्याच्या अंगावर निजामाचे नाव आहे. ज्यांनी सारा भरला त्या कंधार-लोह्याकडच्या शेतकऱ्यांचा हिशेब मात्र हैदराबादच्या रुमालांत बांधलेला आहे, आणि तो सोडून वाचण्याचे काम आपल्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.